पहिल्या पंचमीचा मुराळी

कळंब,
७ जुलै २०२५

तीर्थस्वरूप अक्कास,
सा. न. वि. वि.

आमच्या घरी गंभीर प्रसंग ओढवला आहे. फाटकाची कडी गंजली. तू म्हणशील, तेल घाल. तेलाचा प्रश्न नाही. गेल्या दोन वर्षांत ती कुणी वाजवलेलीच नाही. कृष्णराजचे मित्र रोज येतात, पण कडी वाजवत नाहीत, हाक मारत नाहीत. फाटकाशी उभे राहून फोनवर आल्याची वर्दी लिहितात आणि आतून हा बाहेर जातो. काल एक जण वीस मिनिटे तसाच उभा, कारण आमचे चिरंजीव अंघोळीला गेले होते. मला राहवेना. खिडकीतून विचारले, की बाळा, कुणाकडं आलास? तो असा दचकला, जणू फाटकच बोलले. गाडी चालू केली आणि निघून गेला. नंतर कृष्णा ओल्या डोक्याने येऊन मलाच म्हणतो, अण्णा, तुम्ही त्याला बोललात कशाला, तो घाबरतो. तीस वर्षे संस्कृत शिकवतोय. मुले धातुरूपांना घाबरतात हे ठाऊक होते. साध्या मराठी प्रश्नालाही घाबरतात, हे ज्ञान नवीन.

असो. खरे काम पुढेच आहे. यंदा आपल्या शिवांजलीची लग्नानंतरची पहिली पंचमी. तिला आणायला भावाने मुराळी म्हणून जायचे, सासरच्यांपुढे बसायचे आणि आमची लेक चार दिवस पाठवा असे तोंडाने मागायचे. सोयरीक तूच जमवलीस, तिचे सासरे गोरोबाराव तुझ्या घरापासून चौथ्या दारात राहतात, तेव्हा त्यांचा स्वभाव मी तुला काय सांगू? त्यांनी लग्नाच्या मांडवातच बजावले होते, की पोरगी फोनवर मागायची वस्तू नाही, मुराळी येऊन मागेल तेव्हाच पाठवू. माणूस फटाक्यांचा कारखाना चालवतो, त्यांच्यापुढे शब्द जपूनच टाकावा लागतो. मी स्वतः सोबत आलो असतो, पण शाळेच्या पायरीवरून पडून पाय प्लास्टरमध्ये आहे. म्हणून येत्या रविवारी कृष्णाला एकट्यालाच धाडतो आहे.

हा वीस वर्षांचा मुराळी कसा, ते आधीच सांगून ठेवतो. त्याला फोनवर अकराशे मित्र आहेत. परवा आईने मोंढ्यात ज्वारीचा भाव विचारून यायला सांगितले, तर न विचारता दुकानाच्या पाटीचा फोटो काढून आणला. पाटी गेल्या आठवड्याची होती.

तुला फोनच करणार होतो. पण मागच्या खेपेला तुझा फोन सृष्टीने उचलला आणि तुझ्या त्या पाच वर्षांच्या नातीने मला सात मिनिटे मांजराचे आवाज ऐकवून फोन ठेवून दिला. त्यापेक्षा पोस्टमन बरा. रविवारी तिकडे जरा लक्ष ठेव. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवलास तर आमची हरकत नाही.

तुझा,
बब्रुवान

*

तेरखेडा,
१४ जुलै २०२५

चि. बब्रुवान यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. लक्ष ठेव म्हणलास, ठेवलं. न ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

काल दुपारी एकच्या सुमाराला मी विहीणबाईंकडं जाऊन बसले. गोरोबाराव आणि शिवा कारखान्यावरनं जेवायला घरी आले होते. बाहेर लिंबाखाली एक पोरगं गाडी लावून उभं. डोक्यावर हेल्मेट, कानात बोंडं, हातात पिशवी, नजर फोनात. मी सख्खी आत्या, मलाबी वळखू आलं न्हाय. आम्हाला वाटलं पार्सलवाला आला. पंधरा मिनिटं झाली तरी हलंना, तेव्हा विहीणबाई तांब्या घेऊन गेल्या, त्याला पाणी दिलं आणि विचारलं, कुणाचं पार्सल हाय. त्यानं मुकाट्यानं पिशवी पुढं केली. विहीणबाईंनी ती घेतली आणि म्हणाल्या, सही कुठं करू? तेवढ्यात शिवा पदराला हात पुसत बाहेर आली अन् अगं बाई, कृष्णा, म्हणून वरडली. पार्सलात आपल्या वहिनीनं केलेले बुंदीचे लाडू निघाले.

बरं, आत आणला. चुरमुऱ्याची सुशीला केली, पोरानं दोन बश्या खाल्ल्या, त्याबद्दल तक्रार न्हाय. गोरोबाराव स्वतः समोर खुर्ची टाकून बसले. आता मागंल, मग मागंल. त्यांनी पावसाचं काढलं, ह्यो म्हणाला हं. सोयाबीनचं काढलं, हो. तुझ्या पायाचं विचारलं, तर ठीक. अंगठा मात्र मांडीवर फोनात सारखा चालूच. पाऊण तास झाला. मग उठला, सगळ्यांच्या पाया पडला (त्यात कुचराई केली न्हाय, खरं तेच सांगावं) आणि गाडीला किक मारून गेला.

त्यो गेल्यावर गोरोबाराव मला म्हणाले, कमलबाई, पोरगा आला, खाल्लं आणि गेला, पंचमीचा शब्द काढला न्हाय. तुमच्या भावाला लेक न्यायची न्हाय का? शिवा आत जाऊन कांदे चिरत बसली. कांदे कशातच लागणार नव्हते.

खरी गंमत संध्याकाळी. गोरोबारावांच्या कारखान्याच्या फाटकाशी लोखंडी पेटी हाय. ठिणगीच्या भ्यानं सगळ्यांचे फोन सकाळी पेटीत, ते सुटल्यावरच बाहेर, मालकाचाबी. जेवायला घरी आले तरी फोन तिथंच राहतात. तर सहा वाजता गोरोबारावांनी फोन काढला अन् बघतात, तर त्यांच्या एकट्याच्या नंबरावर तुझ्या पोराचा मेसेज. शुद्ध, नम्र, हात जोडल्याच्या चित्रासकट. ताईला पंचमीसाठी न्यायचे आहे, तरी कृपया कळवावे. वेळ एक चाळीस. म्हंजी त्यांच्याच समोर बसून, त्यांचीच सुशीला खात, त्यानं त्यांना विचारलं व्हतं!

मला वाटलं हसतील. न्हाय हसले. म्हणाले, मी हातभरबी लांब नव्हतो. आता त्यो तोंडानं मागंल तरच पोरगी जाईल, न्हायतर पंचमी हितंच. शिवानं ते ऐकलं. तिच्या पहिल्या पंचमीचा सवाल हाय, बब्रू. काहीतरी कर.

आणि एक. पायरीवरनं कसा पडलास ते शिवानं सांगितलं. ग्रुपवर सकाळचं सुभाषित टाकत चालला व्हतास म्हणे. मी कुणाला सांगितलं न्हाय. आपल्या गल्लीत सांगितलं तेवढंच.

वहिनीला आशीर्वाद. प्लास्टर वलं करू नको. माझी माया हायच, पत्रात मागायला लागू नये.

तुझी,
अक्का

*

कळंब,
१८ जुलै २०२५

तीर्थस्वरूप अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र वाचून प्रथम पडल्याच्या विषयाबद्दल. ते सुभाषित वाणीच्या संयमावर होते, एवढेच नमूद करून तो विषय बंद करतो.

चिरंजीव रविवारी घरी आले ते विजयी मुद्रेने. मी विचारले, मागणे केलेस का? म्हणाला, केलं. ते काय म्हणाले? त्यांनी अजून बघितलं नाही म्हणाला. मला वाटले व्याह्यांनी पंचांग बघितले नसेल. मी मनात म्हटले, माणूस विचारी आहे, तिथी पाहून सांगणार. तुझे पत्र आले तेव्हा उलगडा झाला. मग त्याला खुर्चीपुढे उभे करून विचारले, की अरे, समोर बसलेल्या माणसाला पत्र पाठवतोस? त्याच्या आईने ओढणीत तोंड लपवले. रडायला नाही.

त्याचे उत्तर तुला जसेच्या तसे कळवतो, कारण माझ्या डोक्यातून ते जात नाही. म्हणाला, अण्णा, लिहिलेलं पाठवायच्या आधी पुसता येतं. तो मेसेज मी सहा वेळा लिहिला आणि पुसला. तोंडातून एकदा निघालं की निघालं, आणि समोरचा बघत असतो. मला त्यांच्या मिशा दिसत होत्या.

आपल्या शास्त्राने वाणीच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. परा, पश्यंती आणि मध्यमा या आतल्या आत, आणि चौथी वैखरी, ती ओठांवर येते. या पिढीची वाणी तिसऱ्या पायरीपर्यंत व्यवस्थित येते, मग ओठांकडे न जाता खांद्यातून वळून अंगठ्यात उतरते. हे मी वर्गात सांगितले तर मुले फार हसली. नंतर चौकशी केली, तेव्हा कळले की कुणीतरी माझ्या प्लास्टरचे चित्र काढून सगळ्या वर्गाला पाठवले होते.

तेव्हा उपाय सुरू केला आहे. मी मागण्याची एक संहिता लिहून दिली. आरंभी क्षेमकुशल, मध्ये पंचमीचे माहात्म्य चार वाक्यांत, शेवटी विनंती. रोज संध्याकाळी तालीम होते. मी पाय स्टुलावर ठेवून गोरोबाराव होतो, कृष्णाची आई विहीणबाई होते. ती भूमिका तिला इतकी आवडली आहे, की तालीम संपल्यावरही तासभर सोडवत नाही. कृष्णा उभा राहून म्हणतो आणि अगदी न अडखळता म्हणतो, फक्त तपासणीसाठी आलेल्या साहेबापुढे कविता म्हणावी तसा. काल त्याने शंका काढली, की गोरोबारावांनी कागदावर नसलेलं काही विचारलं तर? मी म्हणालो, नाही विचारणार. तीस वर्षांत माझ्या प्रश्नपत्रिकेबाहेरचे कुणी काही विचारलेले नाही.

शनिवारी, २६ तारखेला, त्याला पुन्हा पाठवतो. पंचमी मंगळवारी आहे, म्हणजे तिसरी संधी नाही. शिवाची आई रोज तिच्यासाठी बाजूला काढून ठेवलेल्या बांगड्या बघते आणि पुन्हा कपाटात ठेवते. मी बघत नाही असे तिला वाटते. अक्का, तू त्याच्याबरोबर राहा, पण त्याच्यासाठी बोलू नको. आजवर आम्हीच बोलत आलो, म्हणून हे असे झाले, असे मला अधूनमधून वाटते.

सर्वांस यथायोग्य. रागे भरलीस तरी चालेल, विसर पडू देऊ नकोस.

तुझा,
बब्रुवान

*

तेरखेडा,
२६ जुलै २०२५

चि. बब्रुवान यास,
अनेक आशीर्वाद.

हा कागद कुणाच्या पिशवीतनं निघाला ते बघितलंस, म्हंजी निकाल तुला कळला. पण कसं झालं ते तुझा पोरगा सांगणार न्हाय आणि शिवा हसूनच सांगणार, म्हणून बसून लिहिते.

सकाळी दहाला आला. ह्या खेपेला हेल्मेट काढलं, दाराशी उभा राहिला आणि अशी हाक मारली, की शेजारचे तिघं बाहेर आले. घरात मात्र कुणी नव्हतं. दिवाळीचा माल काढायचा म्हणून सगळे कारखान्यावर. त्याचं तोंड पडलं. मला म्हणाला, आत्या, संध्याकाळी येऊ का? मी म्हणाले, चल, तिथंच जाऊ.

फाटकाशी ती पेटी. फोन ठेव म्हणाले, तर पोरगं असं थबकलं, की जणू किडनी मागितली. विमान मोडवर टाकला तर चालंल का म्हणून विचारतंय. पेटीवरला राखणदार शिवलिंग म्हणाला, विमानावर टाक, बैलगाडीवर टाक, पण पेटीत टाक. टाकला. खिशातली तुझी संहिताबी तिथंच ठेवली गेली, फोनच्या कव्हरात घडी करून घातली व्हती म्हणे.

गोरोबाराव फटाक्याच्या दारूच्या खोलीकडं व्हते. तिकडं बाहेरच्याला जाता येत न्हाय. म्हणून आम्हाला लांब, कागदाच्या छपरात बसवलं. तिथं बाया नुसत्या कागदाच्या नळ्या वळतात, खळ लावून. विहीणबाई आणि शिवाबी तिथंच. मी त्याच्यासाठी बोलले न्हाय, तू सांगितलंस तसं. पहिली वीस मिनिटं पोरगा नुसता रिकामा तळवा बघत व्हता. दर दोन मिनिटांनी खिसा चाचपायचा. तिथल्या म्हाळसाबाई, वय असंल सत्तरच्या पुढं, त्यांनी त्याच्या हातात कागद अन् खळीची वाटी दिली. म्हणाल्या, बस कामाला, हितं मुक्यालाबी मजुरी मिळती. कुणी म्हणालं, पोरगा दिसाय बरा हाय पण आवाज न्हाय. म्हाळसाबाई म्हणाल्या, तोंडाला वात बसवा गं ह्याच्या, मग निघंल. छप्पर हसलं. मला वाटलं आता ह्यो उठून जातोय. न्हाय गेला. कानापतूर लाल झाला आणि हळूच म्हाळसाबाईंना विचारलं, की कड दाबायची कशी?

झालं. तिथनं सुरुवात. त्यांनी दाखवलं, त्यानं वाकडी वळली, त्यांनी शिव्या घातल्या, त्यानं परत वळली. लगीन ठरलंय का, पोरगी बघितली का, रंग गोरा कशानं राहिला, समदं विचारून झालं. तासाभरात पोरगं बोलाय लागलं, बब्रू. म्या कधी एवढं बोलताना ऐकलं न्हाय. कुणी विचारलं, घरी काय काम करतोस? तर म्हणाला, सध्या रोज मागणं घालतो. आणि मग त्यानं तालीम करूनच दाखवली. खळीचा डबा पायाखाली घेतला, तू स्टुलावर पाय ठेवतोस तसा. तू गोरोबाराव होऊन मिशीला पीळ देतोस (तुला मिशी न्हाय तरी), घसा खाकरून शुद्ध बोलतोस, मधीच चुकलं म्हणून पुन्हा पहिल्यापासनं म्हणायला लावतोस, समदं केलं. बायांच्या डोळ्यांतनं पाणी. विहीणबाई तर खाली बसल्या.

आणि मागं गोरोबाराव उभे.

कधी आले कुणास ठाऊक. एकेकीचं हसू बंद झालं. कृष्णाचं सगळ्यात शेवटी, कारण त्याची पाठ व्हती. वळला आणि डब्यावरचा पाय खाली घेतला. गोरोबारावांनी विचारलं, त्यो खुर्चीतला गोरोबा शेवटी काय उत्तर देतो? पोरानं खळीचे हात पुढं धरले तसेच आणि म्हणाला, त्यो रोज हो म्हणतो, अण्णांनी तसंच लिहिलंय. तुमचं मला म्हाईत न्हाय.

गोरोबाराव म्हणाले, मग विचार.

तुझं क्षेमकुशल न्हाय आलं, माहात्म्य न्हाय आलं. पोरगं म्हणालं, मामा, ताईला चार दिवस पाठवा. ती गेल्यापासनं आमच्या घरात तिघं तीन खोल्यांत जेवतात. अण्णा बातम्या बघत, आई मालिका बघत, मी फोन बघत. ताई व्हती तेव्हा माझा फोन हिसकावून घ्यायची, चार्जर लपवायची, रोज भांडायची. पाच महिने झाले, माझ्याशी कुणी भांडलं न्हाय. अण्णा रागावतात, पण ते निराळं. अकराशे जण हाईत फोनात, त्यातलं एकबी भांडायला येत न्हाय. मला बोलाय येत न्हाय ते खरं हाय, पण घरात बोलायचं कुणाशी?

एवढं एका दमात. शिवानं हातातली नळी पिळून तिचा लगदा केला.

गोरोबाराव म्हणाले, चार न्हाय, आठ दिवस ने, पुढच्या रविवारी आमचा श्रीनाथ बायकोला न्यायला येईल, त्याला जेवू घाला. आणि बायांना म्हणाले, ह्यानं वळलेल्या नळ्या बाजूला काढा, कुठल्याबी दिशेला उडतील.

फोन परत घ्यायला ह्यो विसरला. पाव मैल आल्यावर शिवानं आठवण केली.

उद्या सकाळी दोघं निघतील. बब्रू, त्यानं जे सांगितलं ते म्या गाळलं न्हाय. गाळावं का म्हणून लई विचार केला. मग म्हणलं, तुला कळाय पाहिजे. वहिनीला आशीर्वाद. तुमच्यावर जीव हाय म्हणून लिहिलं, एवढं ध्यानात धर.

तुझी,
अक्का

*

कळंब,
३१ जुलै २०२५

तीर्थस्वरूप अक्कास,
सा. न. वि. वि.

माझी नक्कल हुबेहूब झाली असे तीन वेगवेगळ्या सूत्रांकडून समजले. शिवाने घरी येऊन नकलेची नक्कल केली. तिच्या मते माझ्या मिशीचा पीळ उत्तम साधला होता. मी हरकत नोंदवली, ती बहुमताने फेटाळली गेली.

पंचमी चांगली झाली. शिवाच्या आईने पुरणाचे दिंड केले, शिवाने बांगड्या भरल्या, मैत्रिणी आल्या, झोका बांधला. पहिल्याच संध्याकाळी भावंडांचे चार्जरवरून असे युद्ध झाले, की शेजारचे मास्तर भिंतीवर थाप मारून गेले. मी कृष्णाला गप्प बस म्हणणार होतो. शब्द ओठांवर आला होता, आणि गिळला. तीन खोल्यांतली ताटे शिवाने आल्या आल्या एका खोलीत आणली, कुणालाही न विचारता. टीव्हीचा रिमोट कुठे आहे ते तिलाच ठाऊक.

आता तुझ्या पत्राचे. ते चार वेळा वाचले. गाळले नाहीस हे बरे केलेस.

मी सगळा दोष फोनवर टाकून मोकळा झालो होतो. तो दोष पुरता खोटाही नाही, तो पोरगा फाटकाशी दचकला तो माझ्या भासात नव्हे. पण अक्का, मी मुलाला व्याह्यांशी बोलायला संहिता लिहून दिली, आठ दिवस तालीम घेतली, आणि त्या आठ दिवसांत त्याला स्वतःचे एक वाक्य विचारले नाही. आठवून पाहिले. पाच महिन्यांत मी त्याला विचारले ते गुण किती पडले, पेट्रोल किती टाकले आणि फोन कधी ठेवणार. तो तिथे कारखान्यात परक्या बायांपुढे जे बोलला, ते मला पोस्टाने कळले.

काल संध्याकाळी धीर करून त्याच्या खोलीत गेलो. कुबडी भिंतीला टेकवली, खाटेच्या कडेला बसलो. तीस वर्षे वर्गात उभा राहणारा माणूस मी, एक शब्द सुचेना. शेवटी विचारले, की तुझी बॅटरी किती आहे. तो म्हणाला, साठ टक्के. मी म्हणालो, पुष्कळ आहे. तो हो म्हणाला. आम्ही दोघे थोडा वेळ फोनकडे बघत बसलो. मग शिवाने जेवायला हाक मारली आणि दोघेही सुटल्यासारखे उठलो.

रविवारी श्रीनाथ येईल आणि शिवा जाईल. गमतीने लिहायचा प्रयत्न केला, पण आता सरळच लिहितो. मला सोमवारची भीती वाटते. त्याला लोकांशी बोलता येत नाही याची नव्हे, ते तर त्याला आले, तुम्ही शिकवलेत. मला माझ्या मुलाशी बोलता येत नाही, आणि ते मला कुणी शिकवेल असे दिसत नाही. उद्या त्याच्यावर काही वाईट प्रसंग आला, तर तो म्हाळसाबाईंना सांगेल, तुला सांगेल, पण शेजारच्या खोलीत बसलेल्या बापाला सांगणार नाही. मला खरी काळजी याचीच आहे, अक्का. माझ्यावर जो जीव आहे, त्यातला थोडा त्याच्याकडे वळता ठेव.

तुझा,
बब्रुवान